गाढववाटेचा फितूर

१

दोन दिवस पुरायचं युद्ध वीस मिनिटांत आटोपलं, आणि तेही जेवणाच्या सुट्टीआधी.

खरं युद्ध नव्हे, सरावाचं. लष्करी विद्यालयात दर वर्षी मोठमोठे अधिकारी निळा आणि तांबडा असे दोन पक्ष करून बसत आणि डोंगरांच्या मातीच्या पटावर लाकडी ठोकळे सरकवत एकमेकांचा पराभव करत. यंदा निळ्या पक्षाला डोंगररांग ओलांडायची होती. चार वाटा होत्या. त्यांतली निळ्यांनी निवडली ती सगळ्यांत दरिद्री, गाढववाट. तिच्यावरून गाढवं जायचीसुद्धा बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती. बाकीच्या तीन खिंडींत धूळ, गोंगाट, खोटे रणगाडे, खोटे संदेश. आणि खरी फौज गुपचूप गाढववाटेने. आकाशातून टेहळणी करणाऱ्या यंत्रांना मुंगीसुद्धा दिसते, पण समोरच्याच्या मनात काय आहे ते दिसत नाही, असा सगळा हिशेब.

ठोकळे गाढववाटेच्या तोंडाशी पोचले तेव्हा तांबड्या पक्षाची सगळी राखीव फौज तिथे आधीच दबा धरून बसली होती. खेळाच्या घड्याळाने दोन तासांपूर्वीपासून.

पंचांनी खेळ थांबवला. हार-जीत गेली खड्ड्यात. पण गाढववाटेची योजना खरी होती. उद्या सीमेवर वेळ आली तर तीच वापरायची होती. ती फुटली असेल तर तिथल्या चौक्यांवरच्या माणसांचा जीव टांगणीला होता.

यंत्रांतून फुटली म्हणावं, तर यंदाचा नियमच असा होता की शत्रूने आपली सगळी यंत्रं आंधळी केली आहेत असं धरून चालायचं. दोन्ही बाजूंना फक्त कागद, पेन्सिल आणि डोकं. म्हणजे फुटली ती माणसाकडून. आणि खेळाच्या आदल्या दिवशी, दोन्ही पक्षांनी बेत आखले तेव्हा, निळ्या पक्षातलं एकच माणूस फाटकाबाहेर गेलं होतं. वर्षभर खपून जिने ही योजना आखली, ती तरुण मेजर.

तीन दिवस चौकशी चालली. चौथ्या दिवशी दुपारी चारला चौकशी अधिकारी एका कागदावर सही करणार होता. सही झाली की मेजरला गुप्त कामाचं दार जन्मभर बंद, आणि तिची योजना जाळायची.

त्याच दिवशी सकाळी, केवळ कागदपत्रं पुरी व्हावीत म्हणून, नकाशेबाईंना बोलावणं आलं.

२

नकाशेबाई बाविसाव्या वर्षी इथे नकाशे काढायला लागल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडल्या. त्यालाही आता सोळा वर्षं झाली होती. त्या निघाल्यावर दोनच वर्षांत कुणा शहाण्याने ‘आता सगळं पडद्यावर दिसतं’ म्हणून कागदी नकाशे रद्दीत घातले. प्रत्येक भागाचा एकेकच संच उरला. बाईंनी तेव्हा तीन पत्रं लिहिली होती. उत्तर एकालाही आलं नाही. आता मात्र सकाळी सहाला फोन.

नऊला त्या फाटकाशी पोचल्या. आत शिरायला साडेअकरा वाजले. नवरा बाहेर गाडीतच बसून राहिला, कारण त्याच्या नावाचा पास नव्हता. ‘नवरा’ हा रकाना अर्जात होता. पास मात्र नव्हता.

“भिंग आत नेता येणार नाही, बाई,” पहारेकरी म्हणाला.

“अरे बाबा, मला भिंगातून बघायलाच बोलावलंय! आणि हे भिंग याच खात्याने मला निरोपाच्या दिवशी दिलंय. मागे कोरलेलं वाच.”

त्याने डोळे बारीक करून पाहिलं. “फार बारीक आहे. वाचायला भिंग लागेल.”

“हातात काय धरलंयस मग?”

तो लाजला, पण भिंग काही सुटलं नाही. वर तो पास देताना म्हणाला, “याला घडी घालू नका हं. घडी पडली की फाटकाचं यंत्र वाचत नाही.”

बाईंनी पास दोन बोटांत धरला, आरसा धरावा तसा, आणि मनातल्या मनात सोळा वर्षांपूर्वीचं फाटक आठवलं. तिथे एक म्हातारा शिपाई बसायचा. तो माणसाकडे बघूनच आत सोडायचा, आणि कधी चुकला नाही.

चौकशी अधिकाऱ्याच्या डोळ्यांखाली तीन रात्रींचं जागरण होतं. टेबलावर मोठ्या काचेखाली एक नकाशा दाबून ठेवला होता. काचेच्या चारही कडांना लाखेची मोहोर.

“चार नकाशांचा संच,” तो म्हणाला. “चारही वाटा ज्यावर दिसतात तो हा चौथा. सकाळी निळ्यांकडे होता, दुपारी तांबड्यांकडे. संच एकच आहे ना! नकाशावर रेघ मारायला बंदी. आखणी सगळी वरच्या पारदर्शक कागदावर, आणि तो कागद लगेच तिजोरीत. आम्ही हा जांभळ्या दिव्याखाली पाहिला, रसायन लावून पाहिला. तुम्ही एवढंच सांगा, छुपी खूण काही आहे का?”

बाई काचेवर वाकल्या. छपाई कोरी करकरीत. पेन्सिल नाही, शाई नाही, टाचणीचं भोक नाही.

“खूण नाही.”

“झालं तर!” त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि सहीचा कागद पुढे ओढला.

“थांबा,” नकाशेबाई म्हणाल्या. “नकाशावर कुणी काही लिहिलं नाही, एवढंच मी म्हटलं. नकाशा बोलला नाही, असं कुठे म्हटलं?”

३

“बाई, चार वाजता मला सही करायचीय.”

“आत्ता बारा वाजलेत. फाटकावर तुम्ही माझे अडीच तास खाल्लेत, मी तुमचे चार घेते.”

त्याने डोक्याला हात लावला. पण माणसं बोलावली.

पहिला आला नकाशाघराचा कारकून. “बाई, तुमच्या वेळचं नकाशाघर राहिलं नाही हो,” त्याने आल्या आल्या गाऱ्हाणं मांडलं. “दहा वर्षांत हा संच कुणी मागितला नाही. नवा कोरा. गुंडाळून नळीत घातला होता, तसाच सकाळी आठला निळ्यांना दिला. एकला परत आला, दोनला तांबड्यांना दिला.”

“परत आल्यावर उघडून पाहिलास?”

“उघडायचा नियम नाही. नळीचं झाकण काढायचं, कडा मोजायच्या. चार दिल्या, चार आल्या.”

“आणि आपल्या भिंतीवरची सूचनांची पाटी? माझ्या मास्तरांच्या हातची?”

कारकून जरा घुटमळला. “आहे की. म्हणजे... छापायच्या यंत्राचा एक पाय लंगडा होता, त्याच्याखाली आहे.”

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. “जा तू.”

मग मेजर आली. पाठ ताठ, चेहरा ओढलेला. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, “एक वाजता बाहेर गेले. मुलीला शाळेत ताप आला होता. तिला आईकडे सोडलं, परत आले. छत्तीस मिनिटं. हे मी अकरा वेळा सांगितलंय. बाराव्यांदा सांगितलं.”

“मला ते नकोच आहे गं,” बाई म्हणाल्या. “ताप उतरला का?”

तीन दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. “उतरला.”

“बरं. आता मला त्या सकाळची खोली सांग. टेबल केवढं होतं?”

“टेबल? बंद केलेले पडदे आणि यंत्रं सगळी टेबलावरच ठेवलेली होती. हलवायला परवानगी लागते. ताटाएवढी जागा उरली होती. मी तिथे पारदर्शक कागदावर आखत होते. साहेब उभ्यानेच बोलत होते. मध्येच खाली पटावर जायचे, वर यायचे. दहा तरी खेपा झाल्या.”

“आणि नकाशे नळीत कुणी घातले?”

“मीच. तीन सरळ गेले. चौथा मेला गुंडाळलाच जाईना, सारखा हातातून सुटायचा. घाईत होते, शाळेचा फोन येऊन गेला होता. कोंबला.”

“हे चौकशीत सांगितलंस?”

“नकाशा नळीत कसा गेला ते कोण विचारतंय, बाई? नकाशा इमारतीबाहेर गेला का, एवढंच विचारलं. नाही गेला.” ती खुर्चीत पुढे सरकली. “ही योजना जाळली तर त्या चौक्यांना दुसरी योजना नाही. मला काढा, पण ती ठेवा, असं मी लेखी दिलंय. तेच माझ्याविरुद्धचं कारण झालंय. एवढी का कळवळतेय, म्हणे.”

४

तांबड्या पक्षाचे प्रमुख, तांबडे साहेब, खुशीत होते. साठी गाठलेला माणूस, मिशा जिंकल्यासारख्या.

“फितुरी कसली आलीय! नाक आहे, बाई, नाक!” त्यांनी नाकावर बोट ठेवलं. “पस्तीस वर्षं डोंगर हुंगलेत. नकाशा समोर पसरला आणि दहा मिनिटांत माझं मन गाढववाटेवर गेलं. कुणी सांगावं लागलं नाही.”

“त्याआधी कधी गेलं होतं त्या वाटेवर मन?”

“नाही. पण त्या दिवशी गेलं.”

“नकाशा टेबलावर नीट बसला होता?”

“छे! या कोपऱ्यावर चष्म्याचं घर, त्या कोपऱ्यावर चहाचा कप. तरी मधून फुगून वर येतच होता, पोट आल्यासारखा. कागदाची प्रतच हलकी हो आजकाल.”

“कागद माझ्या वेळचाच आहे,” बाई म्हणाल्या. “प्रत उत्तम आहे.”

चौकशी अधिकारी कानाशी पुटपुटला, “बघा, म्हणे नाक! अहवालात नाक कुठल्या रकान्यात लिहू? म्हणून म्हणतो, सांगणारं कुणीतरी होतं.”

शेवटी निळ्या पक्षाचे प्रमुख आले, निळे साहेब. हातात चौकशीला हजर राहण्याची नोटीस, आणि ती फडफडवतच आत.

“ही चौथी नोटीस! चौथी! अरे, युद्ध मी हरलो, योजना माझी फुटली, आणि रोज मलाच बोलावता? त्या मुलीवर माझा विश्वास होता. होता! आता मी काय बोलू?” बोलता बोलता त्यांनी नोटीस मधोमध दुमडली. “मी स्वतः एका कागदावर एक टिंब काढलं नाही. एक शब्द कुणाशी बोललो नाही.” पुन्हा दुमडली. “जेवतानासुद्धा तोंड उघडलं नाही.”

“फक्त घास घ्यायला,” बाई म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत. त्यांनी शेवटची घडी उलटी, बाहेरच्या अंगाला घातली, हजेरीची वेळ वर दिसेल अशी, आणि नोटीस मांडीवरच्या मोठ्या खिशात सरकवली. “उद्या पाचवी आली तर मी येणार नाही.”

“पाचवी येणार नाही, साहेब,” नकाशेबाई म्हणाल्या. मग अधिकाऱ्याकडे वळल्या. “ती काच उचला.”

“काच? अहो, पुरावा आहे तो! मोहोरबंद! काच उचलायला वरून लेखी परवानगी लागते.”

“मग घ्या.”

“वरचे साहेब बैठकीत आहेत.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती.

५

परवानगी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी आली. तोवर बाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बसवून ठेवलं होतं. तांबडे साहेब जांभया देत होते, निळे साहेब येरझारा घालत होते, मेजर भिंतीकडे बघत होती.

मोहोर तोडली. काच उचलली. नकाशा टेबलावर सपाट पडून राहिला.

“झालं?” निळे साहेब म्हणाले.

“टेबलावरचा दिवा खाली आणा. अगदी कडेला, कागदाला लागून. बाकीचे दिवे बंद करा. आणि गप्प बसा.”

“किती वेळ?”

“कागदाला वाटेल तेवढा.”

एक मिनिट गेलं. दोन गेली. पावणेचार वाजले. कुणीतरी उसासा टाकला. चौकशी अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

आणि मग दिव्याची ऊब लागून कागद जागा झाला. झोपलेल्या माणसाने पाय जवळ घ्यावेत तशी त्याची एक कड हलली. मधोमध एक रेघ उठली. तिला छेदणारी दुसरी. कडेच्या दिव्यात त्या रेघांच्या सावल्या पडल्या, आणि नकाशाचे आठ चौकोन सगळ्यांना दिसले. सात चौकोन खाली. आठवा उंच उचललेला, चौकटीत बसवलेल्या चित्रासारखा. तांबडे साहेब उठून वाकले.

चौकटीत गाढववाट होती.

“तीन दिवस तुम्ही पुराव्याला इस्त्री करत होतात,” बाई अधिकाऱ्याला म्हणाल्या. “संच नवा कोरा होता, कधी घडी न पडलेला. सकाळी आठला गुंडाळलेला दिला. एक वाजता मेजरच्या हातात तो गुंडाळला जाईना, कारण घडी घातलेला कागद गुंडाळून घेत नाही. दोनला तांबड्या साहेबांच्या टेबलावर पोट काढून बसला. म्हणजे घड्या पडल्या त्या सकाळी, निळ्यांच्या खोलीत. आता या आठव्या चौकोनाला बोट लावा.”

अधिकाऱ्याने लावलं. “थोडा मळका आहे.”

“बाकीचे सात?”

“स्वच्छ.”

“टेबलावर जागा नव्हती. कुणीतरी सकाळभर नकाशा दुमडून हातात धरला, बोट ठेवून बोललं, खिशात घातला, पटावर गेलं, परत काढला. दहा खेपा. आणि माणूस घडी घालतो ती नेहमी हवं ते वर ठेवून.” त्यांनी हात पुढे केला. “निळे साहेब, तुमची नोटीस जरा देता?”

निळ्या साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी नोटीस काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उलगडून नकाशाशेजारी मांडली. मधोमध एक घडी, पुन्हा एक, आणि शेवटची उलटी. छोट्या कागदावर आणि मोठ्या कागदावर एकाच हाताच्या रेघा. नोटिशीत वर आली होती हजेरीची वेळ. नकाशात वर आली होती गाढववाट.



“म्हणजे माझं नाक...” तांबडे साहेब खुर्चीत बसले.

“नाक तुमचंच, साहेब. वास कागदाचा होता. दहा मिनिटं तो एकच चौकोन तुमच्यापुढे करत होता. तुम्हाला वाटलं, मन गेलं.”

“पण हे तुम्हाला कळलं कसं?” चौकशी अधिकाऱ्याने विचारलं. “आमच्या प्रयोगशाळेला कळलं नाही.”

बाई जराशा हसल्या. “मी बावीस वर्षांची होते. शहराचा नकाशा पिशवीत घेऊन हिंडायचे. एक दिवस मास्तरांनी तो मागितला, हातात घेतला, उघडलासुद्धा नाही, आणि म्हणाले, ‘लग्न ठरलं वाटतं? मुलगा टपालकचेरीमागच्या गल्लीत राहतो.’ मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं! त्याच आठवड्यात त्यांनी पाटी लिहिली: नकाशाला घडी घालू नये, घडी चहाडी करते. मी होते तोवर ती भिंतीवर होती. मी शिकवायचे तेव्हा पहिला तास तोच घ्यायचे.” त्या निळ्या साहेबांकडे वळल्या. “तुमच्या तुकडीलाही घेतला होता. तुम्ही मागच्या बाकावर झोपला होतात. मी उठवलं नाही. रात्रभर पहाऱ्यावर होतात म्हणून.”

निळ्या साहेबांचा चेहरा उतरला. राग कुणावर काढावा हे न सुचून ते पुन्हा दोन पावलं चालले आणि थांबले.

चार वाजायला पाच मिनिटं होती. चौकशी अधिकाऱ्याने कागद समोर घेतला. “पण मला दोषीच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल. काय लिहू? घडी?”

“माझं नाव लिही,” निळे साहेब म्हणाले. “आणि ठळक लिही. तिथे दुसरं नाव होतं ते आधी खोड.” ते मेजरसमोर जाऊन उभे राहिले. “मेजर, योजना फुटली ती या खोलीपुरती. बाहेर काही गेलेलं नाही. जाळायची नाही. उद्यापासून पुन्हा बसू. मोठं टेबल मागवतो.”

“टेबलाला परवानगी लागते, सर,” मेजर म्हणाली.

“ती मी आणतो!”

मेजरने सलाम ठोकला. मग तीन दिवसांत पहिल्यांदाच ती खुर्चीला पाठ टेकून बसली.

६

मेजर बाईंना फाटकापर्यंत सोडायला आली. वाटेत नकाशाघर लागलं. तिने आत जाऊन छापायचं यंत्र एका हाताने उचललं, दुसऱ्याने पाटी ओढली आणि कारकुनाच्या हातात दिली. यंत्र लंगडं झालं. “आता याला काय लावू?” कारकून केविलवाणा झाला. “चौकशीच्या नोटिशा लाव,” मेजर म्हणाली. “निळ्या साहेबांकडे चार आहेत.”

फाटकावर पहारेकऱ्याने पास हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “घडी नाही ना घातली, बाई?”

“नाही रे बाबा. सबंध इमारतीत नियम पाळणारा तू एकटाच. भिंग दे माझं.”

भिंगासाठी अर्ज भरावा लागला.

नवरा गाडीत तसाच बसला होता. कंटाळून त्याने गाडीच्या कप्प्यातला शहराचा जुना नकाशा काढून मांडीवर पसरला होता. चिंध्या झालेला, कडांना चिकटपट्ट्या लावलेला.

“सात तास झाले! कुणी पाणी विचारलं नाही. सापडला का फितूर?”

“सापडला. मांडीवरचा खिसा.”

“कुणाचा?”

“ते सांगायचं नसतं.”

“नकोच सांगूस.” त्याने नकाशा झटकला. “हे बघ ना, मगापासून मी नवा पूल शोधतोय, आणि हा कसाही उघडला तरी टपालकचेरीमागची आमचीच गल्ली वर येते. टाकून देऊ या आता हा.”

नकाशेबाईंनी तो त्याच्या हातातून घेतला आणि जुन्याच घड्यांवर, जसाच्या तसा, गल्ली वर ठेवून मिटला.

“अगं, कुणी पाहिलं तर लगेच कळेल.”

“कळू दे,” त्या म्हणाल्या. “हे गुपित फुटून बावन्न वर्षं झाली. चल, गाडी काढ.”